बाटलीतले लाल पाणी

गेल्या मे महिन्यात टिळकवाडीत एका मुंजीला गेले होते. ऊन असे की मांडवाचे कापडही तापून वास मारत होते. दारातच एका मुलाने ट्रे पुढे केला. कागदी पेल्यांत लालभडक सरबत. "कोकम सरबत घ्या, आजी," तो म्हणाला. एक घोट घेतला. साखर होती, काहीतरी आंबट होते, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा एक औषधी वास होता. रातांबा तेवढा नव्हता. पेला ठेवायला मांडवामागे गेले, तर रिकाम्या बाटल्यांची रांग लागलेली. एक उचलली आणि चश्मा लावून वाचली. साखर, पाणी, आम्लता आणणारा पदार्थ, मग कुठेतरी शेवटाकडे कोकमचा अर्क, आणि कृत्रिम रंग १२२.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या शेजारीणबाई होत्या. शिरसीकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. पंचवीस वर्षांचा शेजार आहे. त्या मला 'टीचर' म्हणतात, मी त्यांना 'अक्का'. अक्कांनी पेला नाकाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. "टीचर, हे मुरुगलु न्हवं," त्या हळूच म्हणाल्या, "घरी चला की, मी करून देतो."

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून प्यायले. बरणीतला पाक, माठातले पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंग लालभडक नव्हता, गडद होता, जांभळाकडे झुकणारा. पहिल्या घोटाला आईची आठवण आली आणि दुसऱ्याला लाज वाटली. बेळगावातल्या मराठी घरच्या कार्यात पाहुण्यांना मिळाले रंगवलेले साखरपाणी, आणि आईच्या हातची चव मला मिळाली ती कन्नड शेजारणीच्या घरी. अक्कांचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रश्न अक्कांचा नाही, आपला आहे. आपल्या बरण्या कुठे गेल्या?

माझ्या दोन बरण्या कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. माळ्यावर पालथ्या पडल्या आहेत. अठरा वर्षे झाली. म्हणजे हा लेख लिहिणारी बाई आरोपीच्या पिंजऱ्यातच उभी आहे, हे आधी कबूल करून मगच पुढे लिहिते.

माझे माहेर जांबोटीच्या पलीकडचे. चैत्र सरता सरता आई आणि आळीतल्या बायका पहाटेच रानात जायच्या. आधी करवंदे, मग जांभळे, आणि एखाददुसरा वळीव पडून गेला की रातांब्यांची घाई. मोठा पाऊस लागायच्या आत सगळे उरकायचे, कारण पाऊस लागला की फळ फुटते, आळ्या पडतात आणि साली वाळत नाहीत. घाटमाथ्यावर आणि कोकणात आजही कितीतरी रातांबा याच कारणाने झाडाखाली सडून जातो. आई आकडीने फांदी वाकवायची, मोडायची नाही. तांबडे-जांभळे, हाताला मऊ लागणारे फळ तेवढे काढायचे. शेंड्याकडचे काढायचेच नाही, ते पाखरांचे आणि वानरांचे. खाली पडलेले फुटके फळ टोपलीत टाकले तर ती हातावर चापट मारायची. "एक सडका सगळी बरणी नासवील," म्हणायची.

ज्यांनी रातांब्याचे झाड पाहिलेच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सरळ वाढणारे, फांद्या खाली झुकलेले, लांबून देवळाच्या शिखरासारखे दिसणारे सदाहरित झाड. कोवळी पाने तांबूस. फळ लिंबाएवढे, गोल, गुळगुळीत. आत पांढऱ्या आंबटगोड गरात पाच ते आठ बिया. याच कुळातले दुसरे एक झाड आपल्या घाटात आहे, कन्नडमध्ये त्याला उप्पगे म्हणतात. त्याचे फळ पिवळसर आणि छोट्या भोपळ्यासारखे फाकाफाकांचे असते. त्यात आणि रातांब्यात गोंधळ करू नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे.

आणि हे फळ काही कालचे नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात 'ब्रिंदोंइश' नावाने हे फळ येते. ते आपल्या कोकणी बायकांच्या तोंडचे 'भिरंड'. पुढे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला 'ब्रिंडोनिया' असे लॅटिन नावही दिले होते. मराठीत फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल किंवा कोकम, खारवलेला रस आगळ, कोकणीत भिरंड आणि सोलां, कन्नडात मुरुगलु, खाली मंगळुराकडे पुनर्पुळी. एका झाडाभोवती इतक्या भाषा नांदतात, आणि आपल्या नातवंडांना त्यातला एकच शब्द येतो: 'सिरप'.

आता कृती सांगते. वादाच्या लेखात पाककृती कशाला, असे कोणी विचारील. कारण यातले अर्धेअधिक भांडण अज्ञानाचे आहे. 'फार किचकट असते हो' असे म्हणणाऱ्या दहा जणींपैकी नऊ जणींनी ते कधी केलेले नसते.

रातांबे धुवायचे आणि फडक्यावर पसरून खडखडीत कोरडे करायचे. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच. उभे चिरून अर्धे करायचे. बिया आणि गर वेगळा. एक किलो सालींना दीड ते दोन किलो साखर. चिनीमातीच्या बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, असे भरत जायचे. वाटीसारख्या साली साखरेनेच भरायच्या. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा आणि बरणी उन्हात ठेवायची. दिवसातून एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवायची. आठ-दहा दिवसांत साखर विरघळते आणि सालीतला रस पाकात उतरतो. गाळून उकळून वाळवलेल्या बाटल्यांत भरायचे. याला म्हणतात अमृत कोकम. एक वाटी पाकाला चार-पाच वाट्या पाणी, मीठ, जिरेपूड. विस्तवही लागत नाही. साखर नको असेल त्यांनी गर आणि साली मिठात घालून रस काढावा, तो आगळ. त्याच रसात साली बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. काळ्याभोर झाल्या की आमसुले. बियाही फेकायच्या नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर जे तरंगते आणि थंड झाल्यावर गोठते ते कोकमतेल. पायाच्या भेगांना आई तेच लावायची. तांब्यापितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात यातले काहीही ठेवायचे नाही, आंबट रस धातूला खातो.

बरणी चिनीमातीचीच का, याचे उत्तर मला आईने दिले नव्हते, तिला फक्त 'असेच असते' हे माहीत होते. उत्तर पुढे शाळेत विज्ञान शिकवताना सापडले. रातांब्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि तो उजेडाने विटतो. चिनीमाती ऊब आत जाऊ देते, उजेड जाऊ देत नाही. काचेच्या बरणीत ठेवाल तर रस सुटेल, पण रंग लवकर मरेल. म्हणून पाकाच्या बाटल्याही अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. तरीही दिवाळीपर्यंत घरचे अमृत कोकम थोडे तपकिरी होतेच. खऱ्या रंगाला म्हातारपण असते. कारखानदाराला ते परवडत नाही. दुकानाच्या फळीवर दिव्याखाली सहा महिने उभी राहूनही बाटली कालच भरल्यासारखी दिसली पाहिजे. म्हणून १२२. म्हणून १२४. हे रंग कायद्याने मर्यादेत वापरायला परवानगी आहे, ते विष आहेत असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की ज्या लाल रंगाकडे बघून आपण 'वा, काय छान कोकम' म्हणतो, तो कोकमचा नसतो.

खात्री हवी असेल तर घरीच पाहा. पेल्यात थोडे सरबत घ्या आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. रातांब्याचा रंग असेल तर तो डोळ्यांदेखत निळसर-हिरवट, मळकट होतो. वर लिंबू पिळले की पुन्हा लाली येते. रंग बदलला म्हणजे सगळे शुद्ध, असे सिद्ध होत नाही. पण ढिम्म लालच राहिला, तर ती लाली रातांब्याची नव्हे, एवढे नक्की. माझ्या नातीने आमच्या फ्रिजमधल्या बाटलीवर हा प्रयोग केला. लाल ते लालच राहिले. अक्कांच्या सरबताचा निळा-हिरवा चिखल झाला तेव्हा ती टाळ्या पिटत सुटली. मग तिने विचारले, "आजी, आपण का नाही करत?" या प्रश्नावर मी जी उत्तरे दिली ती सगळी आपण एकमेकांना देतच असतो. ती एकेक करून तपासू.

पहिले उत्तर: वेळ नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. आमच्या आयांना तरी कुठे वेळ होता? पहाटे रान, दुपारी चिरणे, संध्याकाळी वाळवण आत घेणे, हे सगळे त्या एकट्या करत आणि त्याचे कोणी नाव काढत नसे. त्यांच्या मुलींनी नोकऱ्या धरल्यावर हे काम सोडले, तर त्यांना दोष देणारी मी कोण? माझा राग वेगळ्याच मंडळींवर आहे. जेवणानंतर ढेकर देऊन 'आईच्या हातच्या सोलकढीची सर नाही' असे उसासे टाकणारे, 'हल्लीच्या बायकांना काही नको' म्हणणारे जे पुरुष आहेत, त्यांच्यावर. महाराज, तुमच्या आईने तुम्हाला हातही दिले होते. सुरी घ्या, रातांबे चिरा. बोटे आठवडाभर जांभळी राहतील, त्याने पौरुष कमी होत नाही. दोन किलो फळाला चौघांनी मिळून एक दुपार लागते. एवढा वेळ आपण क्रिकेटच्या सामन्याला देतोच.

दुसरे उत्तर: बाटली स्वस्त पडते. अहो, पडणारच. पाणी आणि साखर स्वस्तच असते. बाटलीवरचे घटक जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहिलेले असतात, हा नियम आहे. रातांब्याचे नाव साखर आणि पाण्याच्या मागे किती लांब उभे आहे ते बघा आणि मग ठरवा आपण कशाचे पैसे मोजले. चांगला माल बनवणारे लहान उद्योग कोकणात आणि गोव्यात आहेत, महिला बचत गट आहेत, त्यांची बाटली जरूर घ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण विकत घेतानाही ओळखता यायला हवे, आणि जिभेला खऱ्याची ओळख घरातच होते.

तिसरे उत्तर तब्येतीचे. अमृत कोकमात साखर भरपूर असते, हे खरेच आहे. मधुमेह असलेल्याने ते पिऊ नये. आगळात मीठ भरपूर असते, तेव्हा रक्तदाबवाल्याने जपून. घरचे म्हणून ते अमृत होत नाही, नाव काहीही असो. आणि याच्या उलट टोकाला जे लोक या कुळातल्या फळांच्या अर्काच्या गोळ्या 'वजन घटवा' म्हणून विकतात, त्यांच्यापासूनही दूर राहा. तशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. रातांबा हे उन्हाळ्यातले पेय आहे, आमटीतले आंबट आहे. त्याला औषध बनवायची गरज नाही आणि विषही बनवायची नाही.

चौथे उत्तर सर्वांत गंभीर वाटते: रान राहिलेच कुठे? खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. तिथे टोपली घेऊन घुसू नका, मीही सांगणार नाही. पण अभयारण्याबाहेर बांधावर, परसात, खासगी रानात झाडे आहेत. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे, त्याने वनात राहणाऱ्यांना गौण वनोपज वेचायचा हक्क दिला आहे. आणि त्या वेचणाऱ्या बायका दर उन्हाळ्यात बेळगावच्या बाजारात येतातच. पानांच्या द्रोणात करवंदे, जांभळे, कधी रातांबे घेऊन त्या फुटपाथवर बसतात आणि आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. मग पुढच्याच दुकानात जाऊन छापील किमतीची बाटली निमूटपणे उचलतो. त्या बाईचा दिवस पहाटे चारला सुरू झालेला असतो. तिच्याकडून मागेल त्या भावाने घ्या. वेचायला जाता येत नसेल, तर वेचणारीचा मान राखणे तरी आपल्या हातात आहे.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते.

माहेरच्या परसात रातांब्याची दोन मोठी झाडे होती. आई गेली, भाऊ गेला, घर भाच्याकडे आले. गेल्या वर्षी गेले तर झाडे नाहीत. त्या जागी काजूची रोपे. मी ओरडलेच त्याच्यावर. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, खातंय कोण ते? मे महिनाभर सडा पडायचा, माशा घोंगावायच्या, पावसात सगळा चिखल. अठरा वर्षांत तू एकदा तरी आलीस काय काढायला? काजूचे निदान पैसे तरी येतात."

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. कुऱ्हाड त्याने चालवली, पण ती धार लावून त्याच्या हातात कोणी दिली? मुंजीत, बारशात, हळदीकुंकवात ज्यांनी ज्यांनी लाल बाटली उघडली, त्या सगळ्यांनी, आणि त्यांत मी आले. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण आपण हसून म्हणतो. पण जे विकत नाही ते पुढे पिकतही नाही. फळ वेचणारा हात थांबला की झाडाला मालक राहत नाही, आणि बिनमालकाच्या झाडाचे सरपण व्हायला वेळ लागत नाही. पुन्हा लावायचे म्हटले तरी सोपे नाही. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी पेरून सात-आठ वर्षे वाट पाहावी आणि निघावे नराचे झाड, म्हणजे फळच नाही. म्हणून खात्रीच्या मादी झाडाची कलमे लावावी लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात काढली आहे. मी भाच्याला दोन कलमांचे पैसे दिले आहेत. ती मोठी होतील तेव्हा मी असेन की नाही, माहीत नाही.

सीमाभागात आपण भाषेसाठी भांडत आलो. पाट्यांसाठी, कागदपत्रांसाठी, शाळांसाठी. भांडलेच पाहिजे. पण 'आगळ', 'दादरा', 'आकडी', 'भिरंड' हे शब्द कोणत्या सरकारने आपल्याकडून काढून घेतले? कोणी नाही. काम सुटले, तसे शब्द सुटले. माझ्या नातीला 'दादरा' म्हणजे काय ते सांगताना मला लक्षात आले की सांगून काही होत नाही. फडके आणि सुतळी हातात देऊन बरणीचे तोंड बांधायला लावले, तेव्हा तिला शब्द मिळाला. आणि मुरुगलु हा शब्द ती अक्कांकडून शिकली. त्याने तिची मराठी काही पातळ झाली नाही. इंदूर-बडोद्याकडे गेलेली आपली माणसे आमसुलाची पुरचुंडी बरोबर नेतात. बडोद्यात तर गुजराती शेजारीणही डाळीत कोकमच टाकते. हे झाड कधीच एका भाषेचे नव्हते. त्याला लागते ती फक्त वेचणाऱ्यांची गरज.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाला जे कोकम सरबत द्याल त्यात आधी चिमूटभर सोडा टाकून बघा. जे दिसेल ते पाहुण्यांपासून लपवू नका. आणि येत्या मे महिन्यात, मोठा पाऊस लागायच्या आत, फक्त दोन किलो रातांबे आणा. रानातून, परसातून, नाहीतर बाजारातल्या त्या मावशीकडून. माळ्यावरच्या दोन्ही बरण्या मी खाली काढून धुऊन ठेवल्या आहेत. मला एकच लागणार आहे. दुसरी ज्यांना हवी असेल त्यांनी घेऊन जावी. परत नाही केली तरी चालेल, मात्र पालथी ठेवू नये.